जुन्या विंडोजवरचे काम चालू ठेवायचे असेल तर

मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ रोजी बंद केला, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. तिन्ही तारखा कित्येक वर्षे आधी जाहीर झालेल्या होत्या. तरीही जिल्ह्याच्या गावातल्या एखाद्या जुन्या डीटीपी सेंटरमध्ये डोकावलात, तर कोपऱ्यातले एक मशीन अजून एक्सपी किंवा सेव्हनवर पेजमेकर चालवताना दिसेल. मालक चिकट आहे म्हणून ते तिथे आहे असे समजू नका. त्यावर वीस-पंचवीस वर्षांच्या लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, स्मरणिका आणि दिवाळी अंक आहेत. ते सगळे युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटमध्ये बसवलेले आहेत आणि त्या फाँटच्या पॅकेजचे डोंगल मागच्या पॅरलल पोर्टमध्ये खोचलेले आहे. आजच्या नव्या कॉम्प्युटरला बहुधा ते पोर्टच नसते. कारखान्यातल्या मशीन टूलची किंवा लॅबमधल्या अॅनालायझरची गतही अनेकदा अशीच असते. यंत्र धडधाकट असते, पण त्याचे सॉफ्टवेअर एक्सपीच्या पुढे कधी गेलेच नाही.

हा लेख अशा मंडळींसाठी आहे. नुसती सवय मोडवत नाही म्हणून जे विंडोज ७ वर आहेत, त्यांना माझा सल्ला एका ओळीचा आहे: बदला. तुमच्यासाठी पुढचा सगळा खटाटोप करण्यात अर्थ नाही.

ज्यांना खरोखर पर्याय नाही त्यांनी एक गोष्ट आधी समजून घ्यावी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. १४ जानेवारी २०२०च्या रात्री विंडोज ७ मधले काहीही बंद पडले नाही. आदल्या दिवशी चालणारा प्रत्येक प्रोग्राम दुसऱ्या दिवशीही चालला. २००१ साली बाजारात आलेला पेजमेकर ७ त्या मशीनवर सपोर्ट संपण्याआधी जसा चालत होता तसाच आजही चालतो. अडतात ते बाहेरच्या जगाशी बोलणारे प्रोग्राम, कारण मधल्या काळात बाहेर बोलण्याची रीत बदलली. वेबसाइटची कुलुपे बदलली, प्रमाणपत्रे बदलली, अपडेटवर सही करण्याची पद्धत बदलली. तुमचे मशीन जिथे होते तिथेच राहिले.

म्हणून पहिले काम कागद-पेन घेऊन करायचे. त्या मशीनवर लागणारे सगळे प्रोग्राम लिहून काढा आणि प्रत्येकापुढे एवढेच लिहा: याला इंटरनेट लागते का? पेजमेकर, जुने कोरल ड्रॉ, फोटोशॉप ७, फाँटचे पॅकेज, स्कॅनर यांच्यापुढे ‘नाही’ येईल. ब्राउझर, मेल, नेटबँकिंग, जीएसटीचे पोर्टल, ई-टेंडरचे डिजिटल सहीचे टोकन यांच्यापुढे ‘हो’. पहिली यादी जुन्या मशीनवर राहू द्या. दुसरी तिथून हलवा, मग त्यासाठी साधा सेकंडहँड लॅपटॉप घ्यावा लागला तरी चालेल. एकाच मशीनवर पेजमेकरही हवा आणि बँकही हवी, असा हट्ट धरलात तर खालचा कोणताही उपाय सहा महिन्यांच्या वर टिकणार नाही.

हात लावण्याआधी

जुन्या मशीनवर काहीही बदलण्याआधी त्याच्या हार्ड डिस्कची पूर्ण प्रतिमा काढून ठेवा. नुसत्या फाइली कॉपी करून भागत नाही. विंडोज, प्रोग्राम, सेटिंग, फाँट, डोंगलचे ड्रायव्हर असे सगळे जसेच्या तसे उचलून ठेवायचे असते. क्लोनझिला नावाचे मोफत साधन यासाठी उत्तम आहे. ते पेनड्राइव्हवर टाकायचे, मशीन त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचे आणि बाहेरच्या यूएसबी डिस्कवर प्रतिमा उतरवायची. पडदा काळा-निळा आणि अक्षरांचा दिसतो म्हणून घाबरू नका, पण एक काळजी घ्या: कोणत्या डिस्कवरून कोणत्या डिस्कवर, हे दोनदा वाचल्याशिवाय ‘वाय’ दाबू नका. उलटी दिशा निवडली तर रिकाम्या डिस्कची प्रतिमा भरलेल्या डिस्कवर जाते. प्रतिमेच्या दोन प्रती ठेवा आणि त्यातली एक दुकानाबाहेर, घरी. जमल्यास एखाद्या जुन्या सुट्या डिस्कवर ती प्रतिमा परत उतरवून मशीन सुरू होते का, हेही पाहून घ्या. उतरवून न पाहिलेल्या बॅकअपवर मी तरी विसंबणार नाही.

दुसरे काम म्हणजे सामान गोळा करणे. तुमच्या प्रत्येक प्रोग्रामचा सेटअप, सिरियल नंबर, मदरबोर्डचे ड्रायव्हर, प्रिंटर आणि स्कॅनरचे ड्रायव्हर, डोंगलचा ड्रायव्हर, फाँटच्या मूळ फाइली, हे सगळे एका फोल्डरमध्ये आणा. सीडीवर असेल तर तिची आयएसओ फाइल करून घ्या. वीस वर्षांच्या सीडी वाचल्या जातीलच याची खात्री नसते. ‘लागेल तेव्हा नेटवरून घेऊ’ हा हिशेब इथे चुकतो. प्रिंटर कंपन्या जुने ड्रायव्हर साइटवरून काढून टाकतात. खुद्द मायक्रोसॉफ्टने ३ ऑगस्ट २०२० रोजी आपल्या डाउनलोड सेंटरमधून एसएचए-१ पद्धतीने सही केलेल्या फाइली हटवल्या आणि त्यात जुन्या विंडोजसाठी लागणारे बरेच काही गेले. विंडोज ७ ची अपडेट मात्र मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमधून अजून हाताने उतरवून घेता येतात. ती घेऊन फोल्डरमध्ये ठेवा.

आता डोंगल. ही करंगळीएवढी वस्तू हरवली किंवा जळाली तर हजारो रुपयांचे पॅकेज निकामी होते, आणि तरीही बहुतेक ठिकाणी ते मशीनच्या मागे धुळीत लोंबकळत असते. त्यावर पॅकेजचे नाव आणि आवृत्ती लिहून चिकटवा. कंपनी अजून चालू असेल तर पॅरलल पोर्टचे डोंगल बदलून यूएसबीचे मिळते का, हे आताच विचारा. काही पैसे पडले तरी द्या. ‘क्रॅक आहे ना आपल्याकडे’ असे सांगणाऱ्या गृहस्थांपासून दूर राहा. परवान्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी, डीटीपीच्या धंद्यात व्हायरस शिरतो तो बहुतेक अशाच क्रॅकच्या आणि फुकट फाँटच्या झिप फाइलींतून.

विंडोज ७ नव्याने टाकताना

डिस्क बदलली किंवा विंडोज नव्याने टाकावी लागली तर अपडेटचा क्रम महत्त्वाचा असतो. इथेच पुष्कळांची संध्याकाळ वाया जाते. नुसती सीडी घालून ‘अपडेट शोधा’ म्हटले तर चक्र फिरत राहते आणि शेवटी एक अगम्य आकडा दिसतो. कारण असे, की ऑगस्ट २०१९पासून विंडोज ७ ची अपडेट केवळ एसएचए-२ पद्धतीच्या सहीने निघू लागली आणि मूळ विंडोज ७ ला ती सही ओळखता येत नाही. म्हणजे सही ओळखायला शिकवणारे अपडेट आधी, बाकीची नंतर.

क्रम असा ठेवा. प्रथम सर्व्हिस पॅक १. मग केबी ३०२०३६९ आणि त्यावर केबी ३१२५५७४. या दुसऱ्यात २०१६पर्यंतची बहुतेक अपडेट एकत्र बांधलेली आहेत, त्यामुळे शेकडो छोटी अपडेट वाचतात. मग केबी ४४९०६२८ आणि केबी ४४७४४१९, हीच ती सहीची जोडी. शेवटी केबी ४५३४३१०, म्हणजे १४ जानेवारी २०२०चे अखेरचे मोफत मासिक अपडेट. या अखेरच्या अपडेटने जाता जाता एक गंमत केली. डेस्कटॉपचे चित्र ‘स्ट्रेच’वर ठेवले असेल तर ते काळे पडू लागले, आणि सपोर्ट संपल्यावरही मायक्रोसॉफ्टला केबी ४५३९६०२ नावाची दुरुस्ती काढावी लागली. तेही टाकून घ्या.

याखेरीज दोन गोष्टी लागतात. केबी २९९९२२६ का लागते ते पुढे येईलच. केबी ३१४०२४५ टीएलएस १.२साठी आहे. सुरक्षित वेबसाइटशी बोलण्याची आजची किमान पद्धत ती. विंडोज ७ ला ती येते, पण विंडोजच्या आधाराने नेटवर जाणाऱ्या अनेक प्रोग्रामसाठी ती मुळात चालू नसते. हे अपडेट टाकून मायक्रोसॉफ्टने दिलेली रजिस्ट्रीतली नोंदही करावी लागते. नुसते अपडेट टाकून थांबलात तर काही बदललेले दिसणार नाही.

‘फायरफॉक्समध्ये साइट उघडते, पण आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला कनेक्शन मिळत नाही’ ही तक्रार याच जागेची असते. फायरफॉक्स स्वतःची टीएलएस यंत्रणा आणि विश्वासार्ह प्रमाणपत्रांची यादी स्वतःबरोबर घेऊन फिरतो. दुसरे सॉफ्टवेअर विंडोजच्या यादीवर अवलंबून असते आणि ती यादी शिळी झालेली असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी एक जुने मूळ प्रमाणपत्र संपले आणि लेट्स एन्क्रिप्टची प्रमाणपत्रे वापरणाऱ्या असंख्य साइट जुन्या मशीनवर एका दिवसात ‘असुरक्षित’ दिसू लागल्या, त्याचे मूळही इथेच. नवे मूळ प्रमाणपत्र हाताने टाकून घेतले की विंडोज ७ वर काम भागते. एक्सपीची बातच वेगळी. त्याच्यासोबतचा इंटरनेट एक्स्प्लोरर टीएलएस १.०च्या पुढे जातच नाही. एक्सपी नेटवर आणूच नका.

आणखी एक साधी गोष्ट, जी तंत्रज्ञही विसरतात. सगळ्याच साइटवर अचानक प्रमाणपत्राची एरर येऊ लागली तर आधी घड्याळ पाहा. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की मशीन बंद केल्यावर तारीख काही वर्षे मागे जाते. अशा मशीनच्या दृष्टीने आजचे प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नसते. सेल किराणा दुकानातही मिळतो.

एरर काय म्हणते ते वाचा

नवा प्रोग्राम जुन्या विंडोजवर टाकताना चौकोनात येणारी सूचना आपण न वाचताच ‘ओके’ करतो. तीन सूचना ओळखता आल्या तरी बराच वेळ वाचतो.

‘एपीआय-एमएस-विन-सीआरटी’ने सुरू होणारी कुठलीशी डीएलएल सापडत नाही, असे आले तर खूश व्हा, हे सुटण्यासारखे आहे. प्रोग्रामला युनिव्हर्सल सी रनटाइम हवे आहे. वर सांगितलेले केबी २९९९२२६ तेच देते. त्यावर व्हिज्युअल सी++चे २०१५पासूनचे रिडिस्ट्रिब्युटेबल पॅकेज टाका. ‘डॉट नेट’ची मागणी असेल तर विंडोज ७ वर ४.८ ही आवृत्ती चालते, एक्सपीवर ४.०च्या पुढे जाता येत नाही.

‘प्रोसिजर एंट्री पॉइंट’ सापडत नाही आणि शेवटी ‘कर्नल३२’चे नाव आहे, अशी सूचना आली तर अर्थ वेगळा. प्रोग्राम विंडोजकडे असे काही मागतो आहे जे तुमच्या विंडोजला कधी शिकवलेच नव्हते. इथे कुठलीही डीएलएल आणून टाकल्याने काम होत नाही. त्या प्रोग्रामची जुनी आवृत्ती शोधणे हाच मार्ग. हौशी प्रोग्रामरनी विंडोज ७ मध्ये हे नवे भाग घालणारे व्हीएक्सकेएक्ससारखे प्रकल्प केले आहेत आणि ते कित्येकदा चालतातही, पण धंद्याच्या मशीनवर मी ते घालणार नाही.

तिसरी सूचना ‘नॉट अ व्हॅलिड विन३२ अॅप्लिकेशन’. बत्तीस बिटच्या विंडोजवर चौसष्ट बिटचा प्रोग्राम टाकलात, किंवा एक्सपीवर त्याच्या नंतरच्या विंडोजसाठी बांधलेला टाकलात. डाउनलोड अर्धवट झाले असेल तरीही हेच येते, म्हणून फाइलचा आकार आधी तपासा.

या तिन्ही प्रसंगी एक मोह होतो: डीएलएलचे नाव गुगलवर टाकून जी पहिली साइट येईल तिथून ती फाइल घेणे. हे करू नका. ‘ड्रायव्हर अपडेटर’ आणि ‘पीसी फास्ट करा’ या जातीचे प्रोग्रामही नकोत. चालू असलेला जुना ड्रायव्हर उपटून त्याजागी न चालणारा नवा बसवण्यात ते तरबेज असतात.

शेवटची चालणारी आवृत्ती

नेहमीच्या प्रोग्रामची शेवटची चालणारी आवृत्ती माहीत असली की शोधाशोध संपते. विंडोज ७ आणि ८.१साठी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ची. तेव्हापासून तिथे क्रोम थिजलेला आहे आणि त्याची सुरक्षाही. त्यामुळे ब्राउझर ठेवायचाच तर फायरफॉक्स ११५ ईएसआर ठेवा. विंडोज ७, ८ आणि ८.१साठीची ही शेवटची शाखा. क्रोम थांबल्यानंतरही मोझिलाने तिला दीर्घकाळ सुरक्षेची अपडेट दिली. त्यातही तिची सर्वांत अलीकडची उपआवृत्ती घ्या. ११५.१३च्या आधीच्या प्रतींत १४ मार्च २०२५ रोजी फायरफॉक्सचे स्वतःचे एक प्रमाणपत्र संपले आणि अॅड-ऑन बंद पडण्याची अडचण आली. एक्सपीवर क्रोम ४९ला आणि फायरफॉक्स ५२ला थांबला.

लिब्रेऑफिसने २५.८पासून विंडोज ७ आणि ८ सोडले, २५.२ चालते. मायक्रोसॉफ्ट ऑफिसपैकी २०१६ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची. २०१९ला विंडोज १० लागते. व्हीएलसीची ३ मालिका आणि ७-झिप मात्र अजून एक्सपीलाही सांभाळून घेतात, त्या लोकांचे कौतुक वाटते. आवृत्ती सापडली की तिचे ‘ऑटो अपडेट’ बंद करा. नाहीतर एखादा प्रोग्राम स्वतःहून पुढच्या आवृत्तीवर जायचा प्रयत्न करतो आणि अर्ध्यात मोडून पडतो.

तारेच्या पलीकडचे धोके

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. विंडोजमधली एक फट बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्ये काढले होते. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय त्याच फटीतून जगभर पसरला. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा तो प्रोग्राम. तेव्हा विंडोज ७ चा सपोर्ट चालूच होता आणि सर्वाधिक लागण त्याच विंडोज ७ ला झाली, कारण लोकांनी अपडेट टाकलेच नव्हते. परिस्थिती इतकी बिघडली की मायक्रोसॉफ्टला तीन वर्षांपूर्वी निवृत्त केलेल्या एक्सपीसाठीही अपडेट काढावे लागले. जूनअखेर त्याच फटीचा उपयोग करणारा नॉटपेट्या आला. त्याने मर्स्क कंपनीची यंत्रणा आडवी केली आणि आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या तिच्या कंटेनर टर्मिनलचे काम थांबले. कोणी त्या बंदरातल्या मशीनवर चुकीची मेल उघडली होती असे नाही. असा प्रोग्राम नेटवर्कमधून स्वतःच सरकत जातो. ‘आम्ही त्या मशीनवर नेट वापरत नाही’ हे उत्तर म्हणूनच पुरेसे नाही. मशीन राउटरला जोडलेले असेल तर ते नेटवर आहे, तुम्ही ब्राउझर उघडा किंवा उघडू नका.

सर्वांत चांगले म्हणजे तारच काढणे. पण दुकानातला नेटवर्क प्रिंटर लागतो, दुसऱ्या मशीनवरून फाइल घ्यावी लागते, हे समजू शकतो. अशा वेळी एक सोपी युक्ती आहे. नेटवर्क अॅडॉप्टरच्या टीसीपी/आयपी व्हर्जन ४च्या सेटिंगमध्ये जाऊन पत्ता हाताने भरा, उदाहरणार्थ तुमच्या राउटरच्या मालिकेतला १९२.१६८.१.५० आणि मास्क २५५.२५५.२५५.०. ‘डिफॉल्ट गेटवे’ आणि डीएनएस या जागा कोऱ्या सोडा. आता मशीनला दुकानातले प्रिंटर आणि कॉम्प्युटर दिसतील, पण बाहेर जाण्याचा रस्ता त्याला माहीतच नसेल. त्याच खिडकीत आयपी व्हर्जन ६ समोरची टिकही काढा. हे विसरले जाते, आणि आजकालची फायबर कनेक्शन व्हर्जन ६चा रस्ता आपणहून दाखवतात.

तरीही शेजारच्या मशीनवरून धोका येऊ शकतो, म्हणून जुन्या मशीनवर रिमोट डेस्कटॉप बंद ठेवा. मे २०१९ मध्ये त्यातही एक्सपीसाठी अपडेट काढावे लागण्याइतकी गंभीर फट सापडली होती. फाइल शेअरिंगबद्दल एक इशारा. एक्सपीला एसएमबी १ एवढीच जुनी पद्धत येते आणि २०१७च्या उत्तरार्धानंतर नव्याने टाकलेल्या विंडोज १० मध्ये ती आधीपासून नसते. दोघांत फोल्डर शेअर होईना म्हणून दुकानाचा तंत्रज्ञ नव्या मशीनवर एसएमबी १ चालू करून देतो. वॉनाक्राय याच दारातून आला होता. एका मशीनच्या सोयीसाठी सगळ्यांचे दार उघडण्यापेक्षा फाइली पेनड्राइव्हवरून न्या.

पेनड्राइव्हही फार सोज्वळ नाही. गिऱ्हाईक पेनड्राइव्ह घेऊन येते, तो पेजमेकरच्या मशीनला लागतो आणि संध्याकाळी सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेले असतात. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह नेहमी नव्या, अँटिव्हायरस असलेल्या मशीनला लावा. तिथून हवी तेवढी फाइल तुमच्या स्वतःच्या, फक्त याच कामासाठी ठेवलेल्या पेनड्राइव्हवर घ्या आणि तो जुन्या मशीनला लावा. विंडोज ७ यूएसबीवरचे प्रोग्राम आपोआप चालवत नाही, एक्सपी मात्र चालवू शकतो. तिथे ऑटोरन बंद करून घ्या.

मशीन बदलून विंडोज तीच ठेवायची

जुन्या विंडोजपेक्षा जुने लोखंड आधी जाते. पॉवर सप्लाय जातो, मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगतात, आणि नव्या बोर्डवर विंडोज ७ बसवायला गेलात तर त्याला यूएसबी ३ची ओळख नसते, एनव्हीएमई डिस्क दिसत नाही, सेटअपमध्ये माउसही हलत नाही. म्हणून सेकंडहँड बाजारात तुमच्याच मॉडेलचे एखादे मशीन मिळाले तर सुटे भाग म्हणून घेऊन ठेवा.

याहून बरा मार्ग व्हर्च्युअल मशीनचा. नव्या कॉम्प्युटरवर व्हर्च्युअलबॉक्स टाकायचा आणि त्याच्या खिडकीत तुमची जुनी विंडोज चालवायची. मायक्रोसॉफ्टचे डिस्क२व्हीएचडी हे मोफत साधन चालू मशीनच्या डिस्कची एक फाइल बनवते आणि ती व्हर्च्युअलबॉक्स उघडतो. सुरू होताना निळा पडदा आला तर डिस्कचा कंट्रोलर साटाऐवजी आयडीई करून पाहा. बहुतेकदा तेवढेच कारण असते. हार्डवेअर बदललेले दिसल्याने विंडोज पुन्हा सक्रिय करायला सांगू शकते, आणि मशीनबरोबर आलेला ओईएम परवाना कायद्याने त्याच मशीनपुरता असतो, हेही ध्यानात ठेवा. यूएसबी डोंगल आतल्या विंडोजला देता येते. पॅरलल पोर्टचे डोंगल सहसा चालत नाही, आणि बाजारात मिळणारी यूएसबी-ते-पॅरलल केबल प्रिंटरसाठी असते, तिच्यावर डोंगल ओळखले जात नाही. म्हणूनच डोंगल बदलून घ्या असे वर म्हटले.

आतल्या विंडोजचे नेटवर्क पूर्ण बंद ठेवता येते, चालू स्थितीचा ‘स्नॅपशॉट’ घेता येतो, काही बिघडले तर दोन मिनिटांत मागे जाता येते. यंत्राला थेट जोडलेले मशीन नसेल, तर माझ्या मते आज यापेक्षा शहाणा पर्याय नाही.

डॉसमधल्या फॉक्सप्रोवर चालणारी बिले आणि खाती अजून सांभाळणाऱ्यांना वेगळे सांगतो. सोळा बिटचे प्रोग्राम चौसष्ट बिटच्या कोणत्याही विंडोजवर चालत नाहीत. बत्तीस बिटच्या विंडोज १० वर ते चालवता येत होते, पण विंडोज ११ची बत्तीस बिटची आवृत्तीच नाही. त्यांच्यासाठी डॉसबॉक्स-एक्स पाहा, त्यात छपाईचीही सोय आहे.

विंडोज १० वाल्यांनी निर्धास्त राहू नये. वैयक्तिक वापराच्या मशीनला वाढीव सुरक्षा अपडेटची मुदत १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतच आहे, तीही नोंदणी केली तर आणि २२एच२ ही आवृत्ती असेल तर. क्रोम, ऑफिस, प्रिंटरचे ड्रायव्हर एकेक करून विंडोज ७ ला जसे सोडून गेले तसेच तिथेही होणार. सेटअप आणि ड्रायव्हर गोळा करायला ही वेळ चांगली, कारण अजून सगळे सहज मिळते आहे.

राहता राहिले पेजमेकरमधले जुने काम. त्याला कायमचे जुन्या मशीनच्या भरवशावर ठेवू नका. इनडिझाइनच्या सीएस६पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकर ६ ते ७च्या फाइली उघडतात, नंतरच्या सीसी आवृत्त्या उघडत नाहीत. ओळखीत कोणाकडे सीएस६ असेल तर महत्त्वाच्या फाइली तिथून काढून घ्या. मजकूर पुन्हा वापरायचा असेल तर तो फाँट कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये नेऊन एकदा नीट वाचून घ्यावा लागेल; जोडाक्षरे आणि रफार हमखास चुकतात. ज्या फाइली नुसत्या पाहायच्या किंवा पुन्हा छापायच्या आहेत, त्यांच्यासाठी पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर निवडून फाइलमध्ये प्रिंट करा आणि डिस्टिलर किंवा घोस्टस्क्रिप्टने तिची पीडीएफ करा, फाँट आत बसवून. त्यातला मजकूर कॉपी केला तर बाराखडीचा चुथडा दिसेल, पण पान मुळाबरहुकूम राहील. रोज दुकान बंद करण्याआधी पाच-दहा फाइली केल्या तरी हे काम उरकते. सुरुवात ज्या गिऱ्हाइकांची छपाई दरवर्षी परत येते त्यांच्या फाइलींपासून करा.